चिकितेओ

चिकितेओ ही उत्तर स्पेनमधील, विशेषतः बास्क प्रदेशातील, एक सामाजिक प्रथा आहे. ठरावीक मित्रमंडळींनी सायंकाळी एकत्र जमावे, जवळजवळच्या बारमधून एकामागून एक फिरावे, प्रत्येक ठिकाणी लहानसा पेला आणि त्यासोबत एखादा पिंचो घ्यावा, उभ्याउभ्या गप्पा माराव्यात आणि पुढच्या बारकडे निघावे, असे या प्रथेचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पिंचो म्हणजे एका-दोन घासांत संपणारा, बहुधा लाकडी काडीने एकत्र टोचून ठेवलेला खाद्यपदार्थ होय. सान सेबास्तियान, बिल्बाओ, व्हितोरिया-गास्तेइझ आणि पांप्लोना या शहरांत ही प्रथा विशेष रुजलेली आहे. शेजारच्या ला रियोखा प्रांतातील लोग्रोन्यो येथेही तिच्याशी मिळतीजुळती प्रथा आढळते.

उत्तर स्पेनमध्ये प्रथमच येणाऱ्या प्रवाशाची पहिली संध्याकाळ बहुधा अशाच गल्ल्यांतून हिंडण्यात जाते. त्यामुळे बाहेरच्या जगाला चिकितेओपेक्षा पिंचोची ओळख अधिक आहे. बास्क समाजात मात्र पदार्थापेक्षा सोबतीला आणि बसून राहण्यापेक्षा फिरण्याला महत्त्व दिले जाते. पिंचो हा या फेरफटक्याचा एक भाग आहे. तो स्वतंत्र भोजन म्हणून जन्माला आलेला नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रथेचे नियम आणि तिच्यापुढील आजचे प्रश्न समजत नाहीत.

नाव आणि उच्चार

मद्याच्या लहान पेल्याला या भागात ‘चिकितो’ म्हणतात. बास्क भाषेत ‘चिकी’ म्हणजे लहान. स्पॅनिश भाषेतही ‘चिको’ या शब्दाचा अर्थ लहान असाच आहे. फिरणे, पिणे यांसारख्या क्रियांची नामे बनवणारा ‘-एओ’ हा प्रत्यय स्पॅनिश आहे. म्हणजे शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांचा सहवास या एकाच शब्दात दिसतो. ‘पोते’ या पेयवाचक शब्दावरून या प्रथेला ‘पोतेओ’ असेही म्हणतात. चिकितेओ करणाऱ्यास ‘चिकितेरो’ ही संज्ञा आहे.

‘पिंचो’ हा शब्द टोचणे या अर्थाच्या ‘पिंचार’ या स्पॅनिश क्रियापदावरून आला आहे. रोमन लिपीत स्पॅनिश भाषक तो ‘सी-एच’ ही अक्षरे वापरून लिहितात, तर बास्क भाषक ‘टी-एक्स’ ही अक्षरे वापरतात. उच्चार दोन्हींचा सारखाच असल्याने देवनागरीत हा भेद दिसत नाही. तथापि बास्क प्रदेशात या अक्षरभेदाला सांस्कृतिक महत्त्व आहे. फलकावर ‘टी-एक्स’ असलेला शब्द पाहताच वाचणाऱ्याला आपण बास्क भूमीत असल्याचे समजते.

‘पिंचो’मधील च हा मराठीतील ‘चहा’ किंवा ‘चार’ या शब्दांतल्याप्रमाणे तालव्य उच्चारावा, ‘चोर’मधल्याप्रमाणे दंततालव्य नव्हे. बास्क भाषेत या दोन्ही प्रकारचे ध्वनी आहेत आणि ते वेगवेगळ्या अक्षरजोड्यांनी दाखवले जातात. मराठीत मात्र दोहोंसाठी एकच अक्षर वापरले जाते.

सायंकाळ आणि घड्याळ

चिकितेओ समजण्यासाठी स्पेनमधील दिनक्रम लक्षात घ्यावा लागतो. भौगोलिकदृष्ट्या स्पेनचा बहुतांश भाग ग्रिनिच रेखावृत्ताच्या पश्चिमेस आहे. तरीही १९४० साली फ्रँको राजवटीने देशाची घड्याळे एक तासाने पुढे केली आणि स्पेन मध्य युरोपीय वेळ पाळू लागला. ही व्यवस्था पुढे कायम राहिली. उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जाते. परिणामी जून महिन्यात सान सेबास्तियान येथे सूर्य दुपारी दोन वाजून गेल्यावर मध्यान्ही येतो आणि रात्री पावणेदहा ते दहाच्या दरम्यान मावळतो. डिसेंबरमध्ये मात्र साडेपाच-पावणेसहालाच अंधार पडतो.

दुपारचे जेवण साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊ-दहा वाजता होते. काम संपल्यानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी दोन-तीन तासांचा अवकाश उरतो. स्पेनमध्ये सर्वत्र या वेळी ‘पासेओ’ म्हणजे पायी फेरफटका मारण्याची रीत आहे. आजीआजोबा, बाबागाडीतील मुले, शेजारीपाजारी असे सारे घराबाहेर पडतात. बास्क शहरांतील चिकितेओ याच अवकाशात बसतो. पूर्वी तो दिवसातून दोनदा, म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणापूर्वी होत असे. पिंचोचा आकार लहान असण्याचे कारणही येथेच सापडते. घरी जेवण वाट पाहत असताना केवळ पोटाला आधार म्हणून काही घ्यायचे, अशी त्यामागील कल्पना होती.

हवामानाचाही या प्रथेशी संबंध आहे. बिस्केच्या उपसागराला लागून असलेला हा किनारा हिरवागार आणि पावसाळी आहे. येथील बारीक, रेंगाळणाऱ्या पावसाला ‘सिरिमिरी’ असे खास नाव आहे. अशा हवेत फार वेळ उघड्यावर बसता येत नाही. जवळजवळ असलेले बार, अरुंद गल्ल्या आणि कमानींचे छत असलेले चौक यांच्या आश्रयाने फेरफटका सुरू राहू शकतो.

इतिहास

मद्याच्या लहान पेल्यांचा आस्वाद घेत फिरण्याची रीत पिंचोपेक्षा जुनी आहे. बिल्बाओच्या जुन्या वस्तीत जाड तळाच्या जड पेल्यातून अगदी थोडी रेड वाइन देण्याची पद्धत होती. पेला भारी आणि पेय थोडे असल्यामुळे एका सायंकाळी अनेक ठिकाणी जाणे शक्य होई. औद्योगिकीकरणाच्या काळात बिल्बाओ परिसरात लोखंडाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि जहाजबांधणी यांचा विस्तार झाला. कामाची पाळी संपल्यावर मित्रांबरोबर केलेली अशी फेरी हा तेथील पुरुषांच्या दिनक्रमाचा भाग बनला.

सान सेबास्तियान, बास्क नाव दोनोस्तिया, या शहराची वाट वेगळी होती. या तटबंदीयुक्त शहराच्या भिंती १८६३ पासून पाडण्यात आल्या आणि ते मोकळे होऊन वाढू लागले. राणी मारिया क्रिस्तिना उन्हाळ्यात येथे मुक्कामास येत असे. तिच्यासाठी १८९३ मध्ये मिरामार प्रासाद पूर्ण झाला. राजदरबारामागोमाग धनिक आले, हॉटेले आणि उपाहारगृहे निघाली. फ्रान्सची सरहद्द जवळ असल्यामुळे फ्रेंच पाककलेचाही प्रभाव पडला. या वातावरणात बारच्या काउंटरवर छोटे, नेटके पदार्थ मांडून ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली.

काडीला टोचलेल्या लोणच्याच्या तुकड्यांना पूर्वीपासून ‘बांदेरिया’ म्हणत. बैलझुंजीत बैलाच्या खांद्यात खुपसल्या जाणाऱ्या रंगीत भाल्यांवरून हे नाव पडले. त्याच परंपरेतला ‘गिल्दा’ हा पदार्थ सान सेबास्तियानमधील ‘कासा वायेस’ या बारमध्ये १९४०च्या दशकात सुरू झाला असे मानले जाते. एका काडीवर हिरवे ऑलिव्ह, मुरवलेल्या हिरव्या मिरच्या आणि खारवलेला अँकोव्ही मासा ओवला की गिल्दा तयार होतो. रिटा हेवर्थ या अभिनेत्रीचा ‘गिल्डा’ हा १९४६ सालचा चित्रपट त्या काळी स्पेनमध्ये गाजत होता आणि धर्मगुरूंच्या रोषासही पात्र ठरला होता. पदार्थ हिरवा, खारट आणि तिखट असल्यामुळे त्याला नायिकेचे नाव देण्यात आले. स्पॅनिशमध्ये हिरव्या रंगाच्या शब्दाला ‘चावट’ अशीही छटा आहे. कडक सेन्सॉरशिपच्या काळात लोकांनी केलेला हा शाब्दिक विनोद पदार्थाबरोबर टिकून राहिला. आज गिल्दाला पिंचोंचा मूळपुरुष मानण्याची रीत आहे.

पुढचे मोठे स्थित्यंतर १९७०च्या दशकात घडले. १९७६ च्या सुमारास हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिखाना आदी तरुण पाककारांनी फ्रान्समधील नव्या पाकचळवळीपासून प्रेरणा घेऊन ‘नवी बास्क पाककला’ ही चळवळ उभी केली. विस्मृतीत गेलेल्या पाककृतींचा शोध घेणे, स्थानिक व हंगामी जिन्नस वापरणे आणि पदार्थ हलके करणे ही तिची सूत्रे होती. या विचारांचा परिणाम महागड्या उपाहारगृहांपुरता राहिला नाही. तो बारच्या काउंटरपर्यंत पोचला आणि पिंचोकडे ‘लघुरूपातील पाककला’ म्हणून पाहिले जाऊ लागले. पावाच्या चकतीवर ठेवलेल्या तयार पदार्थांबरोबरच, मागणीनुसार त्याच वेळी शिजवून दिले जाणारे गरम पिंचोही वाढले.

याच सुमारास राजकीय परिस्थितीही पालटली. फ्रँको राजवटीत बास्क भाषेच्या सार्वजनिक वापरावर कडक निर्बंध होते. १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाला. १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने बास्क भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. त्यानंतर फलकांवर बास्क लेखनपद्धती उघडपणे दिसू लागली आणि ‘टी-एक्स’ असलेला पिंचो हे त्या ओळखीचे एक ठळक, दैनंदिन चिन्ह बनले.

प्रथेचे स्वरूप

चिकितेओचे मूळ एकक व्यक्ती नसून ‘क्वाद्रिया’ म्हणजे मित्रांचा गट होय. शाळेत किंवा गल्लीत लहानपणी जमलेला गट अनेकदा आयुष्यभर टिकतो. जुन्या पिढीतील गटांची वेळ आणि वाट दोन्ही ठरलेली असत. उशिरा येणाऱ्यास घड्याळ पाहून आपली मंडळी त्या क्षणी कोणत्या बारमध्ये असतील हे सांगता येई. दूरध्वनी करून निरोप देण्याची गरज भासत नसे.

खर्चासाठी ‘बोते’ नावाची सामाईक वर्गणी असते. प्रत्येक जण सुरुवातीला सारखी रक्कम देतो. एक जण ती सांभाळतो, मागणी नोंदवतो आणि पैसे चुकते करतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक फेरीचे पैसे आळीपाळीने एकेक जण देतो. दोन्ही पद्धतींत कोणी किती खाल्ले याचा हिशेब मित्रांमध्ये होत नाही. हिशेब न होणे हाच या सोबतीचा शिष्टाचार मानला जातो.

बारमध्ये सामान्यतः काउंटरला टेकून किंवा दाराबाहेर गल्लीत उभे राहून खाल्ले जाते. थंड पिंचो काउंटरवरील थाळ्यांत मांडलेले असतात आणि गरम पदार्थांची यादी पाटीवर खडूने लिहिलेली असते. अनेक जुन्या बारमध्ये ग्राहक हवा तो पदार्थ उचलतो आणि निघताना किती घेतले ते स्वतःच सांगतो. काही ठिकाणी ताटलीत उरलेल्या काड्या मोजून हिशेब केला जातो. ही व्यवस्था विश्वासावर आधारलेली आहे. अलीकडे गर्दीच्या बारमध्ये पदार्थ स्वतः न उचलता सेवकाकडे मागण्याची पद्धत रूढ होत आहे. म्हणून अनोळखी ठिकाणी आधी विचारणे योग्य समजले जाते.

एका ठिकाणी एक पेला आणि एक, फार तर दोन पिंचो घ्यावेत असा संकेत आहे. त्या त्या बारची ज्या पदार्थासाठी ख्याती असते तोच तेथे घ्यायचा आणि उरलेली भूक पुढच्या बारसाठी राखायची असते. मोठी ताटली भरभरून घेणारा ग्राहक त्यामुळे लगेच परका म्हणून ओळखू येतो. वापरलेले कागदी रुमाल काउंटरखाली जमिनीवर टाकण्याची जुनी सवय आता मागे पडत आहे. २ जानेवारी २०११ पासून स्पेनमध्ये बंदिस्त बारमधील धूम्रपानावर बंदी आली. त्यामुळे बारमधील हवा बदलली आणि गल्लीत उभे राहणाऱ्यांची संख्या वाढली.

पेये

पारंपरिक चिकितोमध्ये रियोखा भागातील कोवळी रेड वाइन असे. रियोखाच्या द्राक्षक्षेत्राचा एक भाग बास्क प्रदेशातील आलावा प्रांतात मोडतो. किनाऱ्यालगत ‘चाकोली’ ही किंचित फसफसणारी, आंबटसर व्हाइट वाइन लोकप्रिय आहे. ती मुख्यतः ओंदाराबी सुरी या द्राक्षापासून बनते आणि बाटली उंच धरून पेल्यात ओतली जाते. गेतारिया परिसरातील चाकोलीला १९८९ मध्ये अधिकृत उत्पत्तिस्थानाचे मानांकन मिळाले. त्यानंतर बिस्काया आणि आलावा येथील चाकोलीलाही असे मानांकन प्राप्त झाले.

बीअरच्या लहान पेल्याला ‘सुरितो’ म्हणतात. सफरचंदाच्या सायडरला बास्क भाषेत ‘सागार्दो’ असे नाव असून आस्तिगारागा आणि एर्नानी ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मद्य न घेणाऱ्यांसाठी ‘मोस्तो’ हा द्राक्षांचा न आंबवलेला रस जवळजवळ प्रत्येक बारमध्ये मिळतो. त्यामुळे चिकितेओत सहभागी होण्यासाठी मद्यपान अनिवार्य राहत नाही.

प्रमुख पदार्थ

पिंचोंची ठरलेली अशी यादी नाही. तथापि पुढील प्रकार बहुतेक ठिकाणी आढळतात.

गिल्दा: ऑलिव्ह, मिरची आणि अँकोव्ही. यातील मिरची गिपुस्कोआ प्रांतातील इबार्रा गावची असावी असा आग्रह धरला जातो. ती कोवळी असतानाच खुडून व्हिनेगरमध्ये मुरवतात. अँकोव्ही हा कांताब्रियन समुद्रात मिळणारा लहान मासा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मांदेली त्याच कुळातील आहे. सांतोन्या या बंदरात हा मासा खारवण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी रुजवले.

तोर्तिया: बटाटा व अंडी यांचे जाड ऑम्लेट. त्यात कांदा असावा की नसावा हा स्पेनभर चालणारा वाद आहे. मध्यभाग किंचित ओलसर ठेवण्यात कौशल्य मानले जाते.

कॉड: खारवून वाळवलेला कॉड मासा भिजवून वापरतात. ऑलिव्ह तेल व लसूण यांत तो मंद आचेवर हलवत राहिल्यास माशातील चिकट अंशामुळे तेलाचे दाट, पांढुरके मिश्रण बनते. या कृतीस ‘पिल-पिल’ म्हणतात.

चांगुरो: लांब पायांच्या समुद्री खेकड्याचे शिजवून मसाला लावलेले मांस.

क्रोकेता: दूध, लोणी व मैदा यांच्या घट्ट मिश्रणात हॅम, मासा किंवा अळंबी घालून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले गोळे.

मिरच्या: गेर्निकाच्या कोवळ्या हिरव्या मिरच्या तेलात तळून जाडे मीठ भुरभुरून देतात. नाव्हारा प्रांतातील लोदोसा येथील ‘पिकियो’ ही निमुळती लाल मिरची भाजून, सोलून तिच्यात सारण भरतात. मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही पिके अमेरिका खंडातून आधी स्पेनमध्ये आली. भारतात ती युरोपीय सागरी व्यापाराद्वारे पोचली.

इदियासाबाल: मेंढीच्या दुधाचे चीज. ते अनेकदा अक्रोड आणि बिहीच्या घट्ट मुरांब्यासह दिले जाते.

मांस व मासे न खाणाऱ्यांसाठी मिरच्या, अळंबी आणि चीज यांचे पिंचो उपलब्ध असतात. मात्र पदार्थात हॅमचे तुकडे किंवा माशाचे सार असण्याची शक्यता असल्याने तशी विचारणा करणे आवश्यक ठरते.

सान सेबास्तियानमधील फेरफटका

सान सेबास्तियानची जुनी वस्ती उर्गुल टेकडीच्या पायथ्याशी, मच्छीमारी बंदर आणि उरुमेआ नदी यांच्या मधोमध आहे. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही मिनिटांत चालून होते. या अल्प अंतरात बारची दाटी आहे. वस्तीच्या मध्यभागी कमानींनी वेढलेला संविधान चौक आहे. त्याभोवतीच्या घरांच्या सज्जांवर आजही क्रमांक रंगवलेले दिसतात. या चौकात पूर्वी बैलझुंजी होत आणि सज्जे प्रेक्षकांना भाड्याने दिले जात, त्याची ही खूण आहे.

टेकडीलगतच्या एका गल्लीचे नाव ‘३१ ऑगस्ट मार्ग’ असे आहे. नेपोलियनच्या सैन्याविरुद्धच्या युद्धात ३१ ऑगस्ट १८१३ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज फौजांनी हे शहर फ्रेंचांकडून जिंकले. त्यानंतर लुटालूट झाली आणि आगीत जवळजवळ सारे शहर बेचिराख झाले. जी थोडी घरे वाचली ती या गल्लीत होती. आज येथे पिंचो खाण्यासाठी रोज गर्दी होते. दरवर्षी ३१ ऑगस्टला मात्र रहिवासी मेणबत्त्या लावून त्या रात्रीचे स्मरण करतात.

खाण्याच्या फेरीला समुद्रकाठच्या चालण्याची जोड मिळते. जुन्या वस्तीबाहेर पडताच नगरपालिकेची इमारत लागते. १८८७ मध्ये जुगारगृह म्हणून ती उघडली होती. जुगारावर बंदी आल्यावर ते बंद पडले आणि १९४७ मध्ये तेथे नगरपालिका आली. तेथून ला कोंचा या शिंपल्याच्या आकाराच्या उपसागराचा किनारा सुरू होतो. उपसागराच्या मुखाशी सांता क्लारा हे छोटे बेट असून दोन्ही बाजूंना उर्गुल व इगेल्दो या टेकड्या आहेत. किनाऱ्यावरील पांढऱ्या नक्षीदार कठड्याच्या कडेने चालत गेल्यास मिरामार प्रासादाखालून ओंदारेता पुळण लागते. तिच्या टोकाशी खडकांत रोवलेली ‘वाऱ्याची फणी’ ही एदुआर्दो चियिदा यांची पोलादी शिल्पे आहेत. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या या जागेची आखणी वास्तुकार लुइस पेन्या गांचेगी यांनी केली. जमिनीतील छिद्रांवाटे लाटांचे पाणी व हवा जोराने वर येईल अशी तेथे योजना आहे. हा सारा मार्ग सपाट असल्याने वृद्धांनाही सहज चालता येतो.

अन्य शहरांतील रूपे

बिल्बाओमध्ये जुन्या वस्तीतील ‘सात गल्ल्या’ आणि कमानींचा नवा चौक ही चिकितेओची प्रमुख ठिकाणे होत. येथील चिकितेरोंची ख्याती त्यांच्या गाण्यांसाठीही आहे. शहराविषयीच्या ‘बिल्बाइनादा’ या लोकगीतप्रकाराचा प्रसार अशा फेऱ्यांतूनच झाला. जुन्या वस्तीतील एका ठरावीक जागेवरून टेकडीवरच्या बेगोन्या बासिलिकेचे दर्शन होते आणि तेथे थांबण्याची चिकितेरोंची रीत होती.

लोग्रोन्यो येथील लाउरेल गल्लीत अनेक बार केवळ एकाच पदार्थासाठी ओळखले जातात. या गल्लीला गमतीने ‘हत्तींची वाट’ म्हणतात. सोंडेसाठी वापरला जाणारा स्पॅनिश शब्द बोलीभाषेत मद्याच्या धुंदीसाठीही वापरला जातो, हे त्यामागील कारण होय. पांप्लोनामध्ये एस्ताफेता मार्ग व आसपासच्या गल्ल्यांत पिंचोची परंपरा आहे. बैल धावण्याच्या सान फेर्मिन उत्सवाचा मार्गही तोच आहे.

बास्क प्रदेशाबाहेर पश्चिमेकडे ही रीत बदलते. लेओन शहराच्या ‘बार्रियो उमेदो’ भागात पेयासोबत लहान खाद्यपदार्थ विनामूल्य मिळतो, तर बास्क शहरांत पिंचोचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आस्तुरियासमधील ओव्हियेदो येथे गास्कोना मार्गावर सायडरगृहे आहेत. तेथे सेवक बाटली डोक्याच्या वर धरून कमरेजवळच्या पेल्यात सायडरची बारीक धार सोडतो आणि तो घोट लगेच संपवायचा असतो. आस्तुरियाच्या सायडर संस्कृतीचा युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

समाजजीवनातील स्थान

चिकितेओने शहरातील विविध थरांतील लोकांना एकाच काउंटरवर आणले असे म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे. परंतु दीर्घकाळ ही प्रथा पुरुषांपुरतीच होती. स्त्रिया घरी रात्रीचे जेवण तयार करीत आणि पुरुष त्यापूर्वी बारमध्ये फेरी मारीत, अशी विभागणी होती. हीच गोष्ट बास्क ‘पाकसंस्थां’बाबत आढळते. सभासदांनी एकत्र जमून स्वतः स्वयंपाक करावा यासाठी या संस्था निघाल्या. सान सेबास्तियानमधील ‘उनियोन आर्तेसाना’ ही संस्था १८७० साली स्थापन झाली. अशा अनेक संस्थांत स्त्रियांना सभासदत्व नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्त्रियांचे नोकरीतील प्रमाण वाढले, मित्रगट संमिश्र झाले आणि चिकितेओचे स्वरूप पालटले. आज स्त्री-पुरुषांचे एकत्र गट आणि लहान मुलांसह फिरणारी कुटुंबे हे नेहमीचे दृश्य आहे. पाकसंस्थांतील बदल मात्र त्या मानाने संथ आहे.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात पिंचोची कीर्ती वाढत असताना पारंपरिक चिकितेओ मात्र आक्रसला आहे. रोज ठरावीक वेळी निघणारे वृद्धांचे गट कमी झाले. कामाच्या वेळा बदलल्या आणि रोज मद्य घेण्याची सवय घटली. आर्थिक मंदीच्या काळात ‘पिंचो-पोते’ हा उपक्रम पसरला. त्यात आठवड्यातील एका दिवशी पेय आणि पिंचो मिळून एकच माफक दर आकारला जातो. सान सेबास्तियानच्या ग्रोस भागात तो गुरुवारी होतो. यामुळे तरुण मंडळी जुन्या वस्तीबाहेरील बारकडेही वळली.

शहराकडे येणाऱ्या पर्यटकांचा ओघ मोठा आहे. २०११ मध्ये येथे ‘बास्क पाककला केंद्र’ या उच्चशिक्षण संस्थेची इमारत सुरू झाली. २०१६ मध्ये सान सेबास्तियान हे पोलंडमधील व्रोत्सवाफसह युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. या प्रसिद्धीमुळे रोजगार वाढला, त्याचबरोबर जुन्या वस्तीतील घरभाडी आणि गोंगाट यांविषयी रहिवाशांच्या तक्रारीही वाढल्या. २०१८ मध्ये नगरपालिकेने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांसंबंधी नियमावली केली आणि जुन्या वस्तीत अशा नव्या घरांना परवानगी देणे थांबवले.

प्रश्न केवळ गर्दीचा नाही. पर्यटक पिंचोकडे पूर्ण जेवण म्हणून पाहतो. एका ठिकाणी बसून अनेक पदार्थ घेणे त्याला सोयीचे असते आणि बारमालकालाही ते अधिक लाभदायक ठरते. त्यामुळे काउंटरसमोरची उभी राहण्याची जागा टेबलांनी व्यापली जाते, पदार्थांचा आकार व किंमत वाढते आणि रोज येणारा स्थानिक ग्राहक दूर जातो. शेजाऱ्यांशिवाय उरलेला पिंचो हा केवळ एक व्यावसायिक पदार्थ राहील, अशी भीती स्थानिक पातळीवर व्यक्त होते. दुसरीकडे, ग्रोससारख्या भागांत आणि लहान गावांत रहिवासी आजही एक पेला, एक पिंचो आणि पुढचा बार हा जुना क्रम पाळताना दिसतात.